नवरीची सुई

१२ नोव्हेंबर १९९५, आदिलाबाद

सुई टोचली. एका ट्रक ड्रायव्हरचं रक्त काढून सुईला टोपण लावताना — डाव्या अंगठ्यात, खोल. साबणानं धुतलं. लॅबमध्ये कुणी पाहिलं नाही. त्याचा नमुना उद्या हैदराबादला जाईल.

२४ नोव्हेंबर

ड्रायव्हरचा रिपोर्ट आला. एचआयव्ही आहे.

आमचे वरिष्ठ यशवंतराव त्याच्या बायकोला सांगत होते, "ताट-गिलास येगळं ठेव त्याचं, बाई!" मी मध्ये पडले. ताटातून पसरत नाही. डास चावून नाही, एका खाटेवर बसून नाही. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. तिचंही रक्त तपासायला हवं, म्हटलं. "मॅडमले लई म्हाईत!" — यशवंतराव.

माहीत आहे. हेही माहीत आहे की अशी सुई टोचलेल्या हजारांत तिघांना लागण होते. लागण झाली असली तरी आज माझं रक्त तपासलं तर काहीच दिसणार नाही. तीन महिने थांबायचं. म्हणजे फेब्रुवारी. लग्न मार्चमध्ये. आधी रिपोर्ट, मग लग्न. तोवर कुणाला सांगायचं नाही.

३ डिसेंबर

दौलत जैनथहून आला होता — ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय तो. चहा घेताना म्हणाला, "आईनं गोंदनारीले बलावलं हाय. सतरा तारखेले ये."

त्यांच्या घरची रीत — नवरीच्या मनगटावर पहिला ठिपका, मग त्याच सुईनं घरातल्या प्रत्येक बाईला एकेक.

त्याच सुईनं!

नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल. मी म्हणाले, "मी शेवटी बसेन. आणि सुया मी आणेन, प्रत्येकीला वेगळी."

"काऊन? आमचं रगत खराब हाय का?" तो हसत होता.

१० डिसेंबर

अंगठ्यावर काही खूण नाही. रोज पाहते.

१७ डिसेंबर

झालं.

दौलतची आई, रेणुकाबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिकलेली सून हाय, बाप्पा! आमच्या रगताची बी किळस येते तिले." बायका खिदळल्या. गोंदणारी भागाबाई सुया उलट्यापालट्या करून बघत होती — "जलमभर एका सुईनं गोंदलं, कोनी मेलं नाही." पण वापरल्या.

शेवटी मी. मनगटावर हिरवा ठिपका, बाजूला रक्ताचा एक थेंब. माझी सुई परत मागितली.

"नवरीची सुई सासूपाशी राह्यते, पोरी." — भागाबाई.

रेणुकाबाईंनी ती चिंधीत गुंडाळून देवघरात ठेवली. अजून ओढाताण केली असती तर लग्नच मोडलं असतं. देव्हाऱ्यातल्या सुईला कोण हात लावणार? वाळून जाईल. सोडून दिलं. बस पकडली.

निघताना रेणुकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

१८ डिसेंबर

दुपारी दौलत लॅबमध्ये आला. खुशीत.

"आईचा राग गेला! तू गेली अन् लगेच तिनं देवघरातून तुही सुई काढली. भागाबाईले म्हने, याच सुईनं मले गोंद. सून येगळी नाही, माही लेकच हाय!"

मी हातमोजे काढले. दार लावलं. त्याला स्टुलावर बसवलं आणि डावा अंगठा त्याच्यापुढे धरला.