युनिट तेवढीच, भाव निम्मा

४ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं बोललो की पाचव्या मिनिटाला कोणीतरी एक फोन आपटतो, आणि आज तर मीच आपटला असता. अक्का, तुझ्या कारखान्याने तुला लुबाडलंय.

रोज सकाळी पेपरात तुमच्या कंपनीच्या शेअरचा भाव बघून मी तुझ्या निवृत्तीच्या पैशांचा गुणाकार करतो, हे तुला ठाऊक आहेच. ही हसते, म्हणते, शाळा सुटली पण पाटी काही सुटली नाही. तर काल बघतो तो भाव एकदम निम्मा! खाली बारीक अक्षरांत छापलंय की कंपनीने एका शेअरचे दोन केले. म्हणजे ज्याच्याकडे दहा होते त्याचे वीस झाले. आणि तुझे? तुझ्या निवृत्तीच्या खात्याचा तू पाठवलेला ताजा कागद उलटसुलट करून पाहिला. युनिट होती तेवढीच! निम्मे पैसे गिळले मेल्यांनी आणि ढेकरही दिला नाही. तीस वर्षं होत आली, बाटल्या दिव्यासमोर धरून तडे शोधतेस, डोळ्यांची वाट लावून घेतलीस, ती यासाठी?

चार महिन्यांनी तू सुटणार आणि आईला घेऊन जाणार, असं ठरलंय. तिचं विसरणं वाढलंय. परवा मला शेजारचा समजून तिने चहा विचारला. तुझं नाव मात्र रोज घेते. तेव्हा आता गाय होऊन बसू नकोस. तुमच्या त्या हिशेबनिसाला गाठ आणि उरलंसुरलं तरी काढून घे.

राग त्यांच्यावर, लोभ आपल्यांवर असू दे.
तुझा,
मास्तर


११ मार्च

चि. मास्तरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीची वाटही नीट पाहवली नाही. हिशेबनीस आमच्याच टेबलावर जेवतो, गेली कित्येक वर्षं. त्याने डबा उघडला आणि मी तोंड उघडलं. सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणाले. बाटल्यांच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या बायका घास हातात धरून बघत राहिल्या.

तो म्हणाला की बाई, युनिट म्हणजे शेअर नव्हे, बसा, समजावतो. मी म्हटलं, मला शिकवू नका, माझ्या भावाने जन्मभर पोरांना गणित शिकवलंय. मग त्याने डबा मिटला आणि ऑफिसात जाऊन पैसे काढायचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. खालची अट वाचा, असं दोनदा म्हणाला. चोराने दाखवलेली अट कोण वाचतंय! केली सही आणि आले. आता तो दुसऱ्या टेबलावर जेवतो. जेवू दे.

हे म्हणत होते, चार महिने कळ काढ. यांना काय, यांचं आयुष्य कळ काढण्यात गेलं. आईची खोली तयार आहे. पलंग खिडकीशी लावलाय, म्हणजे तिला रस्ता दिसेल. तिला सांग, अक्का सुटली की कुठे जाणार नाही, दिवसभर घरीच असणार.

तिला माझा नमस्कार, तुम्हां दोघांना लोभ, आणि हिशेबनिसाला जे द्यायचं ते मी देऊन आलेय.
तुझी,
अक्का


१७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शाब्बास! याला म्हणतात माझी बहीण. भावोजींना सांग, गरीब स्वभावाने घर चालतं, हिशेब चालत नाही. युनिट म्हणजे शेअर नव्हे म्हणे! पोरं गृहपाठ विसरली की याहून बरी सबब सांगायची.

एक बातमी. आम्ही दोघांनी मुलीकडे सहा महिने जायची तिकिटं काढली. पाच वर्षांत हिने उंबरा ओलांडला नाही. आई तुझ्याकडे आली की आम्ही निघू.

असाच लोभ, आणि असाच आवाज चढता राहू दे.
तुझा,
मास्तर


२ एप्रिल

मास्तर,

आशीर्वाद आज तुझा तूच समजून घे.

पैसे आले. सोबतच्या चिठ्ठीवर युनिटचा भाव होता. निम्मा नव्हता! होता तेवढाच होता. मग गेले खाली मान घालून हिशेबनिसाकडे. त्याने बसा म्हटलं नाही, उभ्या उभ्या सांगितलं. आम्हा सगळ्यांचा मिळून एक साठा असतो. त्यात कंपनीचे शेअर आणि थोडी रोकड. त्या साठ्यातला आपला वाटा म्हणजे युनिट, आणि त्याचा भाव वेगळा, तो पेपरात येतच नाही. एका शेअरचे दोन झाले तेव्हा साठ्यातले शेअर दुप्पट झाले, एकेका शेअरचा भाव निम्मा झाला. पोत्यातले बटाटे चिरले म्हणून पोतं हलकं होत नाही, एवढी साधी गोष्ट! एक पैसाही कुणी खाल्ला नव्हता. इतकी वर्षं तू रोज सकाळी गुणाकार केलास तो भलत्याच भावाने.

आता अट ऐक. तीस वर्षं पुरी व्हायच्या आत पैसे काढले तर फक्त आपण भरलेले मिळतात, कंपनीने घातलेला अर्धा वाटा कंपनीकडे परत जातो. चार महिने राहिले होते रे! सही माझी आहे, नाही म्हणत नाही. पण काडी कुणी टाकली? साहेबांपुढे रडले. गेलं ते गेलं म्हणाले. नोकरीची मुदत तीन वर्षं वाढवून दिली, ही त्यांची मेहेरबानी. उरलेल्या पैशांत आम्हा दोघांचं भागत नाही, म्हणून मी घेतली.

आईला तीन वर्षं थांबायला सांगू? तोवर मी तिला आठवेन? तिने मला विचारलं आणि मी कामावर, हे मला सोसणार नाही.

तेव्हा नीट वाच. तिकीट रद्द कर, तुझं एकट्याचं. तुझ्या बायकोने पाच वर्षं आईचं केलंय, ती मुलीकडे जाईल. आता चार महिने थांबण्यात अर्थ नाही, येत्या रविवारीच तू आईला घेऊन ये आणि स्वतःचीही बॅग भर. मी सकाळच्या पाळीला गेले की परत येईपर्यंत तिच्याजवळ तू बसायचंस, यांना दिवसभर ते झेपणार नाही. सोमवारी तेवढा तासभर आईला यांच्यावर सोपवून कारखान्यात येऊन हिशेबनिसाची माफी मागायचीस, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत. माझी मागून झालीय. मी विचारत नाहीये, सांगतेय.

आणि दुपारी आईने अक्का म्हणून हाक मारली, तर ओ तू द्यायचीस.

लोभाचं तू आल्यावर बघू.
अक्का