जिभेचा निकाल

११ फेब्रुवारी

पीठ आलं! आणि जाळी धरलेलं निघालं.

नऊ दिवस वाट बघितली. सुनेच्या त्या काचेच्या पाटीवर रोज दाखवायचं — तुमची वस्तू निघाली, तुमची वस्तू शहरात आली. जावई यायचा असल्यासारखी आम्ही दोघं दाराशी. मी तर स्टूल टाकूनच बसलो होतो. इथे खोकी दाराबाहेर ठेवून निघून जातात, कोणी उचललं तर? मुलगा म्हणाला, "बाबा, ज्वारीचं पीठ कोण चोरणार आहे इथे?" त्याला सगळ्याची गंमत.

पिशवी फोडली तर आत जाळी, वर दोन अळ्या. तारीख गेल्या वर्षीची. चाखायचा प्रश्नच नव्हता.

चार महिने झाले इथे येऊन. चार महिन्यांत हिच्या पोटात भाकरी नाही. बांगड्या वर सरकवल्या की पार कोपरापर्यंत जातात. भाताने माणूस भरतो होय?

१२ फेब्रुवारी

दुकानदाराला तक्रार लिहिली. आपलाच माणूस आहे म्हणे, म्हणून मराठीत लिहिता येतं. बोटाने एकेक अक्षर शोधून सव्वा तास लागला. "मी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. मला पीठ शिकवू नये." खाली पाच चांदण्या असतात, त्यातली एकच दाबली. एकही न दाबता पाठवायची सोय नाही. चोरांनी विचार करून ठेवलाय सगळा.

१३ फेब्रुवारी

माफी आली. दुसरी पिशवी पाठवतो म्हणाला. चांगला टरकलाय.

१६ फेब्रुवारी

आज मुलगा माझ्यावर ओरडला. शेगडीच्या गॅसचा वास येतोय असं वाटलं म्हणून त्याच्या ऑफिसात फोन लावला होता. वास नव्हताच म्हणे. नाहीतरी माझं नाक केव्हाच गेलंय, चाळीस वर्षांचं पीठ बसलंय त्यात. पण भीती वाटली, काय करू? महिन्यात तिसरा फोन झाला हे खरं.

"बाबा, ऑफिसात फोन लावायचा नाही. कोणाच्या जिवावर बेतलं तरच." सुनेसमोर बोलला. मी जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही. ही तेवढी म्हणाली, "अहो, दोन घास खा." स्वतः दीड घास खाऊन उठली होती.

२१ फेब्रुवारी

दुसरी पिशवी आली. तारीख ताजी. चिमटीत घेऊन अंगठ्याने घासून बघितलं — बारीक, कोरडं, हाताला बरं लागलं. परात काढली, पाण्याचं आधण ठेवलं. हिने रिवाजाप्रमाणे आधी चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"कडू आहे हो." आणि पदरात थुंकली.

संपलं! तिने कडू म्हटलं म्हणजे कडू. गिरणीवर हेच चालायचं. मी पिठाची चव कधी घेतली नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — "डबा गिऱ्हाइकाचा, म्हणजे दुसऱ्याचं ताट. त्यात आपण तोंड घालायचं नाही." त्यांनी मला पट्टा चढवायला शिकवलं, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावायला शिकवलं, ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू टाकायला शिकवलं, पण पहिली गोष्ट ही. मी पाळली. अजून पाळतो. एखादी बाई भांडत आली की पीठ कडू आहे, तुम्ही कोणाचं तरी मिसळलंत, की मी हिला हाक मारायचो. ही चाखायची आणि सांगायची, "बाई, तुझं धान्यच जुनं होतं." नाहीतर म्हणायची, "अहो, हिचं बरोबर आहे, दगड झाडला नव्हता तुम्ही." नवऱ्याची बाजू घ्यायची नाही! गावात दोन गिरण्या होत्या, पण बायका आमच्याकडे यायच्या त्या हिच्या जिभेवर.

सुनेने चाखून बघितलं. "मला तर ठीक वाटतंय, आई." सुनेला काय कळतंय? दळणाचा डबा कधी डोक्यावर नेलाय का?

पीठ केरात. तक्रार. एक चांदणी.

३ मार्च

तिसरी पिशवी. कडू.

बरोबर गूळ मागवला होता. ही म्हणाली, गूळही कडू. गूळ! आता काय बोलावं! मला साखरेचा आजार, मी गुळाला हात लावत नाही. सुनेने तुकडा तोंडात टाकला, "छान आहे की, चहात घालू का?" म्हणाली. म्हणजे सासू खोटी? मी तिला सरळ विचारलं. ती ओटा पुसत राहिली. ओटा आधीच स्वच्छ होता.

तक्रार लांबलचक लिहिली. "परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा घास नासवणाऱ्याला झोप कशी येते?" हे वाक्य मला आवडलं. दोनदा वाचलं.

५ मार्च

हिला भाकरीचं स्वप्न पडलं. मला सांगत होती — तव्यावर पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि टम्म फुगली. "मग खाल्लीस का?" "नाही हो, तुम्ही हाक मारलीत." मला मेल्याला तेव्हाच हाक मारायची होती.

८ मार्च

मुलगा म्हणाला, आईचं वजन फार उतरलंय, परवा डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी म्हटलं, पोटात अन्न नाही म्हणून उतरलंय. भाकरीला औषध कसलं? आधी नीट पीठ आणून दे. ही पण म्हणाली, "मला काही झालेलं नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या की उभी राहीन." दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. त्याने फोन करून वेळ रद्द केली, आणि फोन टेबलावर आपटला.

"तुमच्या दोघांच्या हट्टापुढे हात टेकले."

टेक. आम्ही तुझ्यापुढे टेकलेच आहेत. गिरणी विकायला लावून आणलंस ना इथे? आता या चौथ्या मजल्यावर लिफ्टची बटणं मोजतोय.

११ मार्च

चौथी पिशवी. कडू. एक चांदणी.

१७ मार्च

दुकानदाराचा फोन! मुलाने उचलला आणि माझ्या हातात दिला. "काका, तुमच्या तक्रारी सगळ्यात वर दिसतात. लोक वाचतात आणि निघून जातात. पहिली पिशवी माझी चूक, पाया पडतो. पण बाकीच्या ताज्या होत्या हो." मी म्हटलं, माझ्या घरात एक जीभ आहे, ती चाळीस वर्षांत चुकली नाही. तो म्हणाला, "येत्या रविवारी मीच येतो. तुमच्यासमोर दळून देतो."

ये म्हटलं. बघू.

२१ मार्च

आला होता. दोन तास गाडी चालवून आला. चाळिशीचा असेल, पण पोक काढून चालतो, सारखी खोकी उचलणाऱ्या माणसासारखा. घराच्या मागच्या खोलीत दुकान आहे, बायको पिशव्या भरते, हा पोहोचवतो. हे त्याने न विचारता सांगितलं. त्याने एक छोटी घरगुती चक्की आणली होती, मिक्सरपेक्षा थोडी मोठी. आणि ज्वारी.

ज्वारी मी ओंजळीत घेतली. टपोरी, पांढरी, खडा नाही, किडा नाही. बोटांतून सोडली तर नुसती खळखळली. किती महिन्यांनी! तो माझ्याकडे बघून हसला. "काका, हाताने ओळखलंत ना?"

"चक्की जोरात ठेवू नकोस," मी म्हटलं, "पीठ जळतं."

"तुम्हीच चालवा."

चालवली. हळूहळू दाणे सोडले. तो आवाज सुरू झाला आणि आतून सून येऊन दारात उभी राहिली, मुलगा वर्तमानपत्र ठेवून आला. ही खुर्चीत पदर सावरून बसली, गिरणीच्या उंबऱ्यावर बसायची तशीच. डब्यात पीठ पडलं ते कोमट. असं पीठ पांढऱ्या रेशमासारखं लागतं हाताला, हे मी शप्पथ घेऊन सांगतो.

हिच्यासमोर डबा धरला. हिने चिमूट घेतली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणेल, ठेवा आधण.

"कडू आहे."

अगदी हळू म्हणाली. तिलाच ते म्हणवत नव्हतं.

दुकानदाराने अख्खी मूठ भरली आणि तोंडात कोंबली. मिशीला पीठ. "गोड आहे हो काकू! दुधासारखं गोड आहे!" मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही चाखा. एकदाच चाखा ना."

"मी पीठ चाखत नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही गिरणीवाले नाही. तुम्ही गिऱ्हाईक आहात."

हे त्याने बोलायला नको होतं. "मी काय आहे ते तू मला सांगू नकोस!" मी ओरडलो. "तुझी आई खोटं बोलते का? सांग तिच्या तोंडावर!"

दुकानदाराने चक्की पुसली, वायर गुंडाळली. पीठ तिथेच ठेवलं. जाताना हिच्या पाया पडला. माझ्या नाही. दारात मला म्हणाला, "काका, तुमचा हात खरं बोलला होता. तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत." आणि जिन्याने गेला, चक्की उचलून, लिफ्ट असताना.

२२ मार्च

तरीही लिहिलं. "समोर दळूनही पीठ कडू." एक चांदणी.

पीठ केरात टाकवलं नाही. स्वतःच्या हाताने दळलेलं. स्टीलच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलंय.

२५ मार्च

ही दिवसभर पडून. उठवून बसवलं तर म्हणाली, "तुम्ही त्या माणसाला फार लागेल असं बोललात." मी बोललो? तू म्हणालीस ना कडू! — हे मनात. तोंडाने म्हटलं, झोप.

२८ मार्च

पाटीवर त्याचं दुकान उघडलं. एकच ओळ — दुकान बंद आहे. फोटो नाहीत, किंमती नाहीत, माझ्या तक्रारीही नाहीत. बरं झालं, असं मोठ्याने म्हणालो. खोलीत कोणी नव्हतं. मग जेवण गेलं नाही.

२९ मार्च

सकाळी ही म्हणाली, "इथलं पाणी बदललं का हो? कडू लागतंय."

स्वयंपाकघरातलं आणलं. कडू. न्हाणीघरातल्या नळाचं आणलं. कडू. सुनेने विकतची बाटली फोडून दिली. ही घोट घेऊन म्हणाली, "हेही तसलंच." आणि ओशाळून हसली, जशी काही पाण्याची चूक तिच्या हातून झाली.

तिन्ही पेले मी प्यालो. पाण्यासारखं पाणी.

दिवसभर दाराची कडी तपासत राहिलो. सहा वेळा.

३० मार्च

दुपारी हिचा डोळा लागलाय असं बघून स्वयंपाकघरात गेलो. फळीवरचा डबा काढला. वस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

गोड.

मागे वळलो तर ही दाराला धरून उभी. "कडूच आहे ना हो?"

"कडूच आहे गं," म्हणालो. "तुझी जीभ कधी चुकली आहे?"

तिला पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं. मग बाहेर येऊन मुलाच्या ऑफिसात फोन लावला.