खुर्ची करकरत नाही

चि. सौ. धाकटीस दादाचे आशीर्वाद (मागच्या पत्रातले पोचले नसतील तर तेही यातच धर).

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी केलं. ज्या दिव्याखाली लिहितो आहे तो दिवाही मीच केला. शिवाय दुकानाच्या मागच्या खोलीतलं ते कपाटाएवढं खोपटं (आतून जुन्या गाद्या, बाहेरून प्लायवूड, दाराला रबराची पट्टी, म्हणजे रस्त्यावरचा हॉर्न आत येत नाही), सायकलच्या हँडलचा माइकस्टँड, माइकपुढे गाळणीच्या कड्यावर पायमोजा ताणून केलेली जाळी, आणि तू जिच्यावर बसून बोललीस ती खुर्ची, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी, कुणालाही न विचारता केलं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवत नाही. संगणकाला गायला कसं लावायचं हे तर नाहीच नाही. ते मी परक्या भाषेतल्या माहितीपुस्तकातली नुसती चित्रं बघून शिकलो. (तुझी वहिनी म्हणते, म्हणूनच असं झालं. कसं झालं ते येईलच पुढे.)

आता तब्येती. तुझा घसा कसा आहे ते आधी कळव. दिवसभर बस डेपोच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगायच्या म्हणजे घसा राहणार कसा? कोमट पाणी पीत जा. मेहुणेबुवांचा गुडघा बरा असावा, कारण ते चालत जाऊन दोन दारांचा फ्रिज बघून आले, आणि दोन्ही दारं उघडून आत डोकं घालून आले, असं कळलं. फ्रिजविषयी मी शेवटी लिहिणार आहे. तू फोनवर ‘कंपनीचं काय झालं’ असं तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा नेमकं गिऱ्हाईक आलं, हा योगायोग होता. (तिसऱ्या वेळी नव्हता.) फोन ठेवताना तू म्हणालीस, “दादा, तू ठरव. पण मला विचारून ठरव.” तुझा आवाज विकायचा की नाही हा प्रश्न आहे, तेव्हा तुझं म्हणणं रास्तच आहे, आणि मी ते नीट ऐकलं आहे. पण कंपनीपर्यंत क्रमाने जायला हवं. काटा आधी शून्यावर आणल्याशिवाय मी कधी वजन केलेलं नाही.

तर शून्य असं. तू राहायला आली होतीस तेव्हा मी तुला त्या खोपट्यात बसवून का, के, की, को असे सगळे आवाज एका सुरात, एका जोरात, अजिबात भाव न आणता म्हणायला लावले. (भाव न आणणं तुला जड गेलं नाही. डेपोचा अनुभव.) मग मी प्रत्येक आवाज कापून वेगळा केला, व्यंजन कुठे संपतं आणि स्वर कुठे सुरू होतो तिथे हाताने खूण केली, आणि सगळं त्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं. आता कुणीही शब्द लिहावेत, चाल लिहावी, संगणक तुझे तुकडे जोडून गाणं म्हणतो. ज्याचा आवाज असतो त्याला गाता यावं लागत नाही, हा या शोधाचा सगळ्यात मोठा गुण, आणि तुझ्या बाबतीत तो फार उपयोगी पडला. तू म्हणालीस की फुकट वाटून टाक, कुणाला हवाय माझा आवाज. म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवला. नाव दिलं ‘आवाज क्रमांक एक’.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग एकदम घरी बसून गाणी करणारे लोक आले, आणि आले ते ‘ये’ या एका अक्षरासाठी. झालं असं की ‘ये’ म्हणताना तू पाण्याचा पेला घ्यायला पुढे वाकलीस. (मी वाकू नकोस म्हटलं होतं.) आणि त्या ‘ये’च्या मागे बारीकसा एक आवाज आला आहे. तू तेव्हाच म्हणालीस की दादा, खुर्ची करकरते, आणि मी म्हणालो, खुर्ची नाही, तुझी पाठ. माझं मत अजून तेच आहे. ती खुर्ची करकरत नाही. नवं लाकूड ऋतू बदलला की थोडं अंग मोडतं, त्याला करकरणं म्हणत नाहीत. पण गाण्यांत ‘ये’ फार येतो गं. कुणाला ना कुणाला बोलावल्याशिवाय यांचं गाणंच होत नाही. आणि दरवेळी तुझा आवाज ‘ये’ म्हणाला की मागे जुनं दार उघडल्यासारखं वाजतं. लोक वेडे झाले. ही मुलगी दाराआड राहते, जवळच्याच माणसाला बोलावते, आणि बोलावताना स्वतः उठून दार उघडते, असं त्यांनी ठरवून टाकलं. तुझं नाव पडलं ‘दारवाली’. चित्रंही काढली. चित्रात तू सोळा वर्षांची आहेस, केस समुद्रासारखे निळे आणि टाचेपर्यंत, डोळे बशीएवढे. (वहिनीने ते चित्र तुझ्या लग्नाच्या फोटोशेजारी धरून पाहिलं आणि कणीक मळायला गेली.) एकाने तर सविस्तर निबंध लिहिला की दार डाव्या हाताला असून वरची बिजागरी गंजलेली आहे. आता चुकीची माहिती मला सहन होत नाही हे तुला ठाऊक आहे. मी खाली लिहिलं की हा आवाज बिजागरीचा मुळीच नाही, लोखंड असं वाजत नाही, हा लाकडाच्या सांध्याचा आहे. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल केलं. तोवर चारशे लोकांनी ते वाचलं होतं.

मग मी दुसरी आवृत्ती केली. हिवाळाभर बसून सगळ्या खुणा नव्याने केल्या, श्वास वेगळे लावले, आणि ‘ये’ धुऊन पुसून स्वच्छ केला. काट्याच्या भाषेत, नऊशे ग्रॅमचा नऊशे ग्रॅम. माझ्या हातून इतकं नेटकं काम आजवर झालेलं नाही. ती ठेवली, आणि जो काही गोंधळ उडाला! ती बोलावते पण दार उघडत नाही, असं एकाने लिहिलं. कुणी विचारलं, तिचं कुणाशी भांडण झालंय का? एका बाईने मला सरळ लिहिलं की तुम्ही कारागीर असाल, पण तुम्हाला काळीज नाही. मी चोवीस ओळींचं उत्तर लिहिलं, आलेखांसकट. वहिनीने वाचून विचारलं, “यात ‘चुकलं’ हा शब्द कुठे आहे?” तो नव्हता.

शेवटी त्यांनी मेळावा भरवला आणि मला बोलावलं. टायरच्या दुकानावरचा एक हॉल, चाळीसेक माणसं, निम्म्यांनी डोक्यावर निळे केस लावलेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, अवजारांची पिशवी घेऊन गेलो (पिशवी मी कुठेही नेतो), तर दारातल्याने मला थेट बंद पडलेल्या स्पीकरकडे नेलं. मी तो दुरुस्त केला. पैसे देऊ लागले तेव्हा सांगितलं की मी दारवालीचा भाऊ. त्यावर सगळे उठून उभे राहिले, आणि अँब्युलन्स चालवणाऱ्या एका धिप्पाड बाईंनी मला असा नमस्कार केला की मी मागे बघितलं, कोण आलंय म्हणून. काळीज नाही असं लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी तुझ्या आवाजाची पट्टी खाली ओढून एक गाणं केलं आहे, त्यात तू हुबेहूब आपल्या मोठ्या काकांसारखी वाटतेस. ऐकवायला आणीन.

मग दातांच्या कवळ्या बनवणारा एक माणूस पुढे आला. बुटका, मान खाली, हाताला पांढरी भुकटी. त्याने आपलं गाणं लावलं. त्यातला एक ‘ये’ (पहिल्या आवृत्तीतला) त्याने किती दिवस घासला असेल देव जाणे, कारण तू तो असा म्हटला आहेस, धाकटे, की हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. मागे दार उघडलं. (किंवा जे काही उघडलं ते.) गाणं संपल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, “माझ्या आवाजात माझी गाणी मलाच ऐकवत नाहीत. बायकोला पण कधी ऐकवली नव्हती. तुमच्या बहिणीला सांगा, तिच्यामुळे ऐकवली.” मी ठीक आहे म्हणालो, आणि स्पीकरची वायर पुन्हा एकदा तपासली. ती घट्टच होती. ती खुर्ची मी चांगली केली होती, एवढंच मला तेव्हा वाटलं.

कंपनी तुझा आवाज विकत घेणार अशी कुणकुण त्या सगळ्यांना होती. पण विचारलं कुणीही नाही. जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि नुसते बघत राहिले, जसे लोक वजन करताना काट्याकडे बघतात.

कंपनीचा माणूस त्यानंतर दुकानात येऊन गेला. सभ्य होता. बाकी भेटीत बोलू. इथेच थांबतो, हात दुखतो आहे. मेहुणेबुवांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुला, घशाला जप.

तुझा,
दादा

ता. क. महत्त्वाचं राहिलंच. मंडळींना तुझे वरच्या पट्टीतले आवाज हवे आहेत, आणि तू येशील असा शब्द मी देऊन बसलो आहे. सुट्टी काढून चार दिवस ये. खोपट्यात पंख्याची सोय केली आहे. खुर्ची तीच आहे, तिला मी हात लावलेला नाही. पेलाही मागच्याच जागी ठेवीन, आणि तो घ्यायला वाकू नकोस असं यावेळी म्हणणार नाही.

ता. क. २. फ्रिजचं. मेहुणेबुवांनी विसार दिला नसेल तर देऊ नये. दिला असेल तर दुकानदाराशी मी बोलतो, त्याचा काटा माझ्याकडेच येतो दुरुस्तीला.

ता. क. ३. हे वाचताना बसून वाच. कंपनीला तुझा आवाज कायमचा हवा होता. फुकट दिलेले सगळे आवाज परत घ्यायचे, लोकांनी केलेली गाणी पुसून टाकायची, कवळीवाल्याचंसुद्धा. तिथवर मी ऐकून घेत होतो. मग मी विचारलं की सही केल्यावर बहिणीने डेपोत गाड्यांच्या वेळा सांगितल्या तर चालेल ना? त्या माणसाला ऑफिसला फोन करून विचारावं लागलं. बराच वेळ बोलला. मग म्हणाला की घरात बोलायला हरकत नाही, पण माइकवरून बोलण्याचं बघावं लागेल. मी त्याला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि नको म्हणून सांगितलं. तुला विचारायला हवं होतं. फोन हातात घेतलाही होता, पण तू ‘हो’ म्हणालीस तर काय, या भीतीने ठेवून दिला. रक्कम नऊ लाख चाळीस हजार होती. त्यातली निम्मी तुझी.