खुर्ची गाडीत, आई घरात

तीर्थरूप ताईस,

तुझ्या भिंगरीचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला की तू आधी कान धरतेस आणि मग आशीर्वाद देतेस, म्हणून लांबून.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर धरली होती ती सुटली का? भाऊजींचा खोकला गेला, की अजून फोनवर त्यांच्याआधी तोच बोलतो? तुमच्याकडे पाणी दिवसभर येतं ना? हॉलमधल्या सोफ्याचा उघडून पलंग व्हायचा, तो अजून होतो का? माळ्यावरच्या जास्तीच्या गाद्यांना या उन्हाळ्यात ऊन दाखवलंस की नाही? सहज विचारतो. आपल्या माणसाची चौकशी करायची तर पुरती करावी, गाद्यांसकट.

मी चक्क पत्र लिहितोय, तेव्हा कुणीतरी आजारी आहे असं समजू नकोस. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे बाबा शेजारी उभे राहून पुढचं वाक्य सुचवतात. शिवाय मी इतका भडकलोय की फोनवर नुसता ओरडलो असतो, आणि तू म्हणाली असतीस, आधी पाणी पी. पाणी पिऊन झालंय. काही फरक नाही. तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना चेहरा सरळ ठेव. का ते कळेलच.

तर मागच्या हिवाळ्यात मी वर डोंगरात, त्या थंड हवेच्या ठिकाणी, एका फळबागेत खोकी भरायच्या कामाला होतो. (बागवाल्याकडे एक खेचर होतं, ते फक्त माझ्याच शिव्या ऐकून चालायचं. बागवाला म्हणायचा, तुझ्या आवाजात माया आहे. त्या खेचराचं पुढे काय झालं ते भेटल्यावर सांगीन, आत्ता सांगत बसलो तर राग निवेल आणि तो मला निवू द्यायचा नाही.) तिथून मी आईला एक फोटो पाठवला होता. लाकडी वरांडा, वरांड्यात एक रिकामी खुर्ची, समोर डोंगर. मी फोटो डोंगराचा काढला होता, पण आईने बघितली ती खुर्ची. मी घरी आल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, त्या खुर्चीत कोण बसतं रे? म्हटलं, कोणी नाही. म्हणाली, मग मी बसू का आठवडाभर? नुसती. ताई, आईने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं तुला आठवतं का? मला एकदाच आठवतं, आणि ते कुकरचं रबर होतं.

मी लगेच तिथल्या एका रिसॉर्टमध्ये खोली ठरवली. दोन माणसं, एक आठवडा, वरांड्यासकट. सगळं सुरळीत होतं. मी गाढवपणा एवढाच केला, की ही गोष्ट जेवताना सगळ्यांसमोर सांगितली.

बाबा फायर ब्रिगेडमधून निवृत्त झाले, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत आहे. शिट्टी अजून गळ्यात असते. बाथरूमला जाताना कोणी पंखा चालू ठेवला तरी वाजते. बाबा म्हणाले, आठवडाभर? डोंगरात? तयारीशिवाय? आणि ताट बाजूला सारून त्यांनी मोहीम हातात घेतली. मग काका म्हणाला, दादा जातोय तर मी टेम्पो काढतो. (दादा जातोय हे कधी ठरलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.) मग आत्या म्हणाली, तुम्ही सगळे चाललात तर मी इथे एकटी काय भिंतींशी बोलू? आणि आई, जिची ही सुट्टी, ती काय म्हणाली? ती म्हणाली, मग डबे जास्त लागतील.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. (घरात फायरमन असून ती विझली नाही.) पण माझं ऐकतो कोण? मी म्हणजे घरातला शिक्षण अर्धवट सोडलेला, चपला झिजवणारा मुलगा. अर्धा देश पायी तुडवलाय मी, डोंगरात ढग कुठून येतात हे नाकाने ओळखतो, पण आपल्या घरात प्रवासातलं कळतं कोणाला, तर बाबांना. जे आयुष्यभर जिथे जिथे गेले, तिथे आग लागलेली होती.

आता एकेकाची तयारी ऐक. आत्याने थंडीचा धसका घेऊन सगळ्यांना स्वेटर आणि कानटोप्या विणल्या. लोकर इतकी जाड, की कानटोपी घातली की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. काकाने ठरवलं, वहिनीसाठी खास घडीची खुर्ची करायची. अरे, तिथे वरांड्यात खुर्ची असतेच, खुर्चीत बसायलाच तर चाललोय, असं मी घसा फोडून सांगितलं. पण काका फर्निचरवाला, दुसऱ्याने केलेल्या खुर्चीवर आपल्या घरचं माणूस बसलं तर त्याला कमीपणा वाटतो. खुर्ची झाली. दिसायला सुरेख आहे. घडी होते ही तिची खुबी, आणि माणूस बसल्यावर होते हा तिचा स्वभाव. मी त्यात एकदा अडकलो, तेव्हा मला दोघांनी ओढून बाहेर काढलं आणि काका म्हणाला, तुला बसायची पद्धत नाही.

आणि बाबांनी रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन करायला सुरुवात केली. जिने किती रुंद, खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात, वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत की देखाव्याच्या, पाण्याचा पाइप शेवटच्या खोलीपर्यंत पोचतो का. मॅनेजर बिचारा सज्जन होता, आधी सर म्हणायचा, मग काका म्हणायला लागला, मग फोन उचलेनासा झाला. तेव्हा बाबांनी आत्याच्या फोनवरून लावला.

पण खरा कळस म्हणजे सराव. बाबांचं म्हणणं, सरावाशिवाय त्यांनी आजवर शिडीसुद्धा उचलली नाही, तेव्हा सुट्टीचाही सराव झाला पाहिजे. पूर्ण गणवेशात, पूर्ण सामानासकट. ताई, डोळ्यांसमोर आण. भर उन्हाळा, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आपल्या बिल्डिंगखाली आत्या, काका, बाबा आणि मी स्वेटर आणि कानटोप्या घालून ओळीत उभे. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला, कुणाचा तरी शर्ट जळाला. बाबांची शिट्टी झाली की एकेक बोजा वरून खाली यायचा. गाद्या, स्टोव्ह, दोरखंड, कुऱ्हाड. (कुऱ्हाड कशाला, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, दार अडकलं तर. कुणाचं दार? कुणाचंही.) काकाची खुर्ची टेम्पोत मधोमध ठेवली, गोधडीत गुंडाळली, दोन्ही बाजूंनी दोरी बांधली, वर काकाने हात फिरवला. आईला काम होतं शेवटी राहायचं. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, कुलूप, आणि मग खाली.

शिट्टी वाजली, टेम्पो निघाला, मागे मित्राची मागून आणलेली गाडी घेऊन मी निघालो. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायचं होतं. पंपापाशी थांबलो. घामाने आमची अंगं भिजलेली, आत्याच्या कानटोपीतून वाफ येत होती. बाबा समाधानाने म्हणाले, उत्तम, आता चहा ओता. आणि ओतायला कोणी नव्हतं.

बाबांना वाटलं होतं आई माझ्या गाडीत, मला वाटलं होतं ती टेम्पोत. (माझ्याकडे असं बघू नकोस. मी रागावलेला माणूस आहे.) चहा लागेपर्यंत चौघांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही! खुर्ची गाडीत होती, गोधडीत गुंडाळून, दोरीने बांधून, आणि खुर्चीत बसणारी घरात. तेव्हापासून मी जो पेटलोय तो आज पत्र लिहीपर्यंत.

परत येताना टेम्पोत कानटोप्या काढायचंही कोणाला सुचलं नाही म्हणे. जिना चढताना बाबा सगळ्यांच्या पुढे. दाराला आतून कडी. बाबांनी खरोखर कुऱ्हाड मागितली. तेवढ्यात आईने दार उघडलं, आमच्या चौघांच्या लोकरीकडे बघितलं आणि म्हणाली, इतक्या लवकर कशाला आलात?

मी आत जाऊन पाहिलं. बाल्कनीत प्लास्टिकचं स्टूल, समोर उलटी घातलेली बादली, बादलीवर पाय ठेवायला उशी. पलीकडे काय, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. टाकीवर एक कबूतर. ताई, आई टाकी बघत बसली होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी तो याआधी कधी पाहिलेलाच नाही. आम्ही आल्यावर तो गेला. मग तिने उठून सगळ्यांना चहा केला.

बाबा मात्र हादरले. नोकरीभर आत माणूस राहिलं असताना ते जागेवरून हलले नव्हते, आणि इथे स्वतःची बायको मागे ठेवून शिट्टी वाजवत निघाले. त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली, शिट्टी हातात धरून, की यापुढे ही गाडीत बसल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टेम्पो जागचा हलणार नाही, मग तिथे मुक्काम करावा लागला तरी बेहत्तर. आणि सुट्टीतली स्वयंपाकाची जबाबदारी तिलाच दिली, म्हणजे ती सतत नजरेसमोर राहील. घे! मी भिंतीवर डोकं आपटायला गेलो तर बाबा म्हणाले, कानटोपी घाल.

त्याच संध्याकाळी मॅनेजरचा मला निरोप आला. अतिशय गोड भाषेत माझी खोली आणि बाबांनी वाढवलेल्या खोल्या, सगळ्या रद्द. तुमचे वडील येणार असतील तर आमच्या दोन नोकरांनी राजीनामा देतो म्हणून सांगितलंय, असं त्याने लिहिलं होतं. मी हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. उद्या सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे निघतोय. शिट्टी सहाला आहे.

बाकी सर्व क्षेम. माझा राग इथे संपवतो, कागद संपत आला म्हणून. भाऊजींना नमस्कार, पिल्लूला गालगुच्चा.

तुझा,
भिंगरी

ता. क. १ : माझ्या बागवाल्याच्या बहिणीचं वर एक घर आहे. खोली एकच, माणसं दोनच, जेवण त्या बाई देतात. वरांड्यात खुर्ची आहे. फोटोतली तीच. मी ती खोली घेतली.

ता. क. २ : आता हळूच मान वर कर आणि हे पत्र तुला कोणी आणून दिलं ते बघ. हो, तेच. मागे टेम्पोतून उतरताहेत ते काका आणि आत्या. त्यांना वाटतंय तुझं घर म्हणजे वाटेतला पहिला थांबा, आणि आई माझ्या गाडीतून मागून येतेच आहे. यावेळी ती गाडीत बसल्याचं त्यांनी स्वतः वाकून पाहिलंय. बाबांनी लोकांची दारं फोडली, पण दुसऱ्याचं पाकीट कधी फोडलं नाही, म्हणून हे निर्धास्तपणे त्यांच्याच हाती दिलं. आम्ही मघाशीच फाट्यावरून वर वळलो. त्यांना खाली बसव, पाणी दे, आणि आई सुखरूप आहे हे आधी सांग. मग शपथेची आठवण करून दे, ती गाडीत नसेल तर टेम्पो हलत नाही. जुन्या रिसॉर्टवर जायला निघाले तर मॅनेजर आवाजावरूनच ओळखेल. एक आठवडा, ताई. सोफा उघड, गाद्या काढ. तुझ्या लग्नात मी तीन दिवस मांडवाला टेकू देऊन उभा होतो, एवढंच म्हणतो.

ता. क. ३ : आईने पत्र वाचलं. (मी दाखवलं नाही. मी ओट्यावर लिहीत बसलो होतो आणि ती ओटा पुसायला आली.) वरपर्यंत नेईन तेव्हाच तिला सांगणार होतो. आधी म्हणाली, असं करतं का कोणी? मग फडका धुऊन, पिळून वाळत घातला. मग म्हणाली, लिही. बाबांची गोळी निळ्या पिशवीत, जेवणाआधी, विसरले की चिडचिड करतात. आत्याला पंख्याखाली झोपवू नको. तुझं ते डुगडुगणारं टेबल काकाला दाखव, त्याचा आठवडा निघेल. बाबांना फार बोलू नको, त्या दिवशी कुऱ्हाड मागतानाचा त्यांचा आवाज मी दाराआडून ऐकलाय. शेवटच्या दिवशी यायचं म्हणाले तर पत्ता पाकिटाच्या आत लिहिलाय. एकटेच येऊ देत. मी त्या बाईंकडे आणखी एक खुर्ची मागून ठेवते. शिट्टी मात्र तुझ्याकडे काढून घे.