पश्चिमेच्या भिंतीतली भोकं

८ एप्रिल
नानांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. लायब्ररीच्या इमारतीवरचं व्याख्यान आणि दुरुस्ती, दोन्ही पुण्याच्या मृणालकडे. आर्किटेक्ट आहे म्हणे. आणि मी? दवाखाना सांभाळून इतकी वर्षं या मेडिकल लायब्ररीची सेक्रेटरी. पाहुण्यांना सागवानी गॅलरी मीच दाखवायची. अध्यक्ष असून नानांना पंख्याचं बटण सापडत नाही. मला म्हणाले, "तुम्ही आभार माना." आभार! आयत्या बिळावर नागोबा.

११ एप्रिल
मृ. आली. मला "काकू" म्हणते. डॉक्टर म्हणायला जीभ झडते काय? माझ्या बाबांच्या पुस्तकांचं कपाट इथंच असतं, त्याला टेकून खुशाल उभी. एका बुटक्या खिडकीवरून ओळखलं की इथं आधी दवाखाना होता, तिथून औषधं देत. मला हे कळायला किती दिवस लागले होते! हुशार आहे मेली. जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
व्याख्यान. हॉल भरलेला. माझ्या व्याख्यानांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत.
पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून भोकांची ओळ आहे. मृ. म्हणाली, "बांधकामाच्या वेळी परांचीचे बांबू रोवले, ती भोकं बुजवायची राहिली." टाळ्या! अगं, दर मे महिन्यात त्यांत बांबू घालून आम्ही झावळ्यांचे झाप बांधतो. नाहीतर पावसाची झड बसून जांभा पाणी पितो, भिंत आतून पाझरते. पण बाई आली उन्हाळ्यात, झाप बघणार कुठून?
गप्प बसले. आभार मानले. घरी येऊन दोन वाट्या सोलकढी प्यायले. फार बरं वाटलं.

६ मे
मृ.चा फोन. "काकू, ती भोकं बुजवू ना? तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."
तेव्हाच सांगायचं. पण... "तुम्ही आर्किटेक्ट, तुम्हाला काय सांगायचं!" अगदी गोड आवाजात.

२० मे
चुन्यानं बुजवली. भिंत देखणी दिसते, खोटं कशाला बोलू. नाना येईल त्याला दाखवत हिंडतायत. झापवाला आला होता. "बाय, आता बांधू कुठं?" यंदा नको म्हटलं.

१ जून
वारा फिरला. किल्ली घेऊन लायब्ररीत गेले. पश्चिमेच्या भिंतीला बाबांचं कपाट. मला काय माहीत नव्हतं? मीच ठेववून घेतलं होतं तिथं.
फोन करायचा तर मुद्दाम गप्प बसले हेही सांगणं आलं. तरी केला. मृ.नं लगेच उचलला.
"बोला ना, डॉक्टर."
आजच बरी आठवण झाली हिला!
"काही नाही गो, सहज," म्हटलं आणि ठेवला.
समुद्राकडून काळं भरून आलंय. चहा घेते, मग परत लावते.