एकेचाळीस नंबरचे चेपलेले दार

मी, एल्डन रुडॉल्फ ग्रुन्के, वय सत्तर, राहणार एल्क फोर्क, विस्कॉन्सिन, ट्रकदुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, आज गुरुवार, दिनांक २ ऑक्टोबर २०१४ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी पाजलेली नाही. येत्या पंधरा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर ‘काळजीचं कारण नाही’ असे दोनदा म्हणाला, म्हणून हे काम उरकून घेत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाई मिसेस व्होल्ड यांनी बजावले आहे की दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. त्यांची टायपिस्ट आर्डिस नेल्सन हिला मी काही देत नाही, तेव्हा एका सहीची सोय झाली. दुसऱ्या माणसाच्या शोधात आहे.

कलम १. राहते घर, गॅरेज आणि बँकेत असेल ते सर्व माझी एकुलती मुलगी जोलीन हिला. स्वयंपाकघराच्या खिडकीची फट तिने बुजवावी. मी तीस वर्षे बुजवतो बुजवतो म्हणत राहिलो. मला तिच्या आईच्या, म्हणजे मार्लिसच्या, शेजारी पुरावे. मार्लिसच्या डावीकडेच. गाडीत चाळीस वर्षे मी डावीकडे चाकामागे आणि ती माझ्या उजवीकडे बसली, आता जागा बदलायला नकोत.

कलम २. पाने, जॅक, वेल्डिंगचे यंत्र आणि इंजिन उचलायची साखळी हेही जोलीनला. ती शाळेची बस चालवते आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगते. जावई कर्ट याला यातले काही देऊ नये. माणूस सोन्यासारखा आहे, पण तो पान्याने खिळे ठोकतो. त्याला माझी मासेमारीची होडी.

कलम ३. एल्क फोर्कच्या मातीच्या ट्रॅकवर सदतीस मोसम गाडी पळवून मिळवलेले चौदा चषक कोपऱ्यावरच्या बारला. शुक्रवारी लोक तिथे तळलेला मासा खायला जमतात, तेव्हा ते दिसावेत. संडासाच्या दाराजवळ ठेवणार असतील तर देऊ नयेत. यात वर्षाच्या विजेतेपदाचा चषक नाही. तो मला कधी मिळाला नाही, आणि का मिळाला नाही ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. झेंडेवाला डेलबर्ट याला माझा वाचायचा चष्मा. जुलै १९८१ मध्ये माझ्या गाडीतून तेल गळते म्हणून त्याने काळा झेंडा दाखवून मला शर्यतीबाहेर काढले. तेल पुढच्या गाडीचे गळत होते. तरी दर ऑगस्टला तो पोतेभर मक्याची कणसे आणून देत आला आहे, म्हणून चष्म्याबरोबर तळघरातला मोठा फ्रीझरही त्याचाच.

कलम ५. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले आहे.

आमच्या ट्रॅकवर एक रीत होती. शनिवारी एकमेकांना ठोकायचे, रविवारी चर्चमध्ये एकमेकांकडे बघायचे नाही, आणि सोमवारी ज्याची चूक असेल त्याने हातोडी घेऊन दुसऱ्याच्या गॅरेजात जायचे आणि पत्रा सरळ करायला लागायचे. चूक कोणाची हे कोणी ठरवत नसे. ज्याला आतून ठाऊक असे, तो येई.

लेरॉय टॉमचेक माझ्याकडे असाच आला, १९६७ च्या मे महिन्यात. माझा मागचा मडगार्ड त्याने पार चाकाला टेकवला होता. हातात हातोडी, तिचा दांडा मोडक्या कुऱ्हाडीच्या दांड्यातून स्वतः तासलेला, आणि बगलेत हरणाच्या मांसाचे सॉसेज. मार्लिसने त्याला जेवायला बसवले आणि तो पुढची छत्तीस वर्षे जेवत राहिला. एकदा शर्यतीच्या दिवशी दुपारी माझा गिअरबॉक्स गेला, तर त्याने आपला जादाचा गिअरबॉक्स स्वतः माझ्या गाडीत बसवला. त्या दिवशी मी त्यालाच हरवले. तो आठवडाभर मला चोर म्हणत होता आणि आमच्याच टेबलावर बसून म्हणत होता.

सप्टेंबर २००३, मोसमाची शेवटची शर्यत, शेवटची फेरी, तिसरे वळण. मी पहिला, लेरॉय दुसरा. तसेच संपले असते तर त्या वर्षीचे विजेतेपद माझे होते. लेरॉयने आतल्या बाजूने गाडीचे नाक घातले आणि ते माझ्या एकेचाळीस नंबरच्या गाडीच्या दाराला लागले. दोघेही भिंतीवर गेलो आणि तिसऱ्यानेच शर्यत जिंकली. स्टँडमधल्या लोकांनी लेरॉयची हुर्यो उडवली. म्हाताऱ्याला त्याच्या शेवटच्या संधीला मित्रानेच ठोकले, असे गावभर झाले. पुढच्या मोसमात लेरॉयने गाडी काढलीच नाही, ती आजतागायत.

आता खरे लिहितो. तो आत आलेला मी आरशात पाहिला होता. जागा त्याची होती. मीच आत वळलो. लोक बोलत होते ते मी ऐकत राहिलो आणि गप्प बसलो.

त्या सोमवारी हातोडी घेऊन मी त्याच्याकडे जायला हवे होते. झाले उलटे, तोच आला. मी गॅरेजचे शटर आतून ओढून घेतले. मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, “एल्डन, तो अजून उभाच आहे.” त्याला आत घेतले असते तर खरे सांगावे लागले असते. शेवटी तो हातोडी पायरीवर ठेवून गेला. २०१० मध्ये मार्लिस गेली तेव्हा तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता. जाताना, दुखवट्याच्या घरी आमच्याकडे देतात तसे, बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थाचे भांडे ठेवून गेला. तेही मी परत केलेले नाही.

म्हणून: भिंतीवर टांगलेले एकेचाळीस नंबरचे चेपलेले दार, ती हातोडी आणि ते भांडे, माझ्या मृत्यूनंतर लेरॉय टॉमचेक यास द्यावे, आणि हे कलम बारमध्ये शुक्रवारी मोठ्याने वाचावे.

सोमवार, ६ ऑक्टोबर. पुरवणी.

काल कलम ५ पुन्हा वाचले आणि स्वतःचीच लाज वाटली. मेल्यावर माफी मागणे म्हणजे पुन्हा शटर ओढून घेणेच झाले. आज सकाळी दार भिंतीवरून काढले, हातोडी आणि भांडे घेतले आणि पिकअप काढली. त्याचे घर तीन मैलांवर आहे. तो शेडमध्ये होता. मी पिकअपमधून उतरताच म्हणालो, “लेरॉय, मीच आत वळलो होतो.”

तो म्हणाला, “माहीत आहे. मी मागेच होतो ना.”

“मग त्या सोमवारी तू कशाला आलास?”

“कोणीतरी यायला हवं होतं. तुझी वाट बघत बसलो असतो तर अकरा वर्षं लागली असती.”

मला रडू आले, हे कायदेशीर कागदावर लिहिण्यास माझी हरकत नाही. त्याने भांडे उघडून पाहिले आणि निदान धुतले तरी आहे, असे म्हणाला. मग दुपारपर्यंत आम्ही दार ठोकत बसलो. पुरते सरळ झाले नाही, पण एकेचाळीस वाचता येते. दार आणि हातोडी तिथेच ठेवून आलो.

तेव्हा कलम ५ मधील देणगी रद्द समजावी. मजकूर मात्र खोडू नये, आणि शुक्रवारी बारमध्ये तो मी स्वतः वाचणार आहे. मिसेस व्होल्ड सगळे स्वच्छ टाइप करू म्हणाल्या, मी नको म्हणालो. लेरॉय टॉमचेक यास या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

स्थळ: एल्क फोर्क, विस्कॉन्सिन
दिनांक: मंगळवार, ७ ऑक्टोबर २०१४

सही: एल्डन रुडॉल्फ ग्रुन्के

वरील गृहस्थांनी आमच्या दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष.

साक्षीदार १: आर्डिस नेल्सन

साक्षीदार २: लेरॉय टॉमचेक. (तो शुद्धीवर आहे, असे त्याचे म्हणणे आहे. पंधरा तारखेला इस्पितळात त्याला मीच नेणार आहे. गाडी मी चालवीन.)