वासानंच आग होते, आये!

प्रिय आये,

जिंकलो गो, आपण जिंकलो! तुला जाऊन दोन वर्षं झाली, पण आज लिहिल्यावाचून राहवेना. दुपारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. पास! बेलपाड्यात काकी घरोघर सांगत सुटलीय.

आठवतं, गावात कुणाची हळद असली की तू सकाळपासून वडे तळायला बसायचीस? शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात कण घालायचा नाही, हा तळणाऱ्या बायांचा नेम. मटणाचं मीठसुद्धा वासावरून सांगायचीस, आणि कधी चुकली नाहीस! पण दुपार झाली की छाती धरायचीस. "खाल्लं काय नाय, तरी आग हाय गो पोटात. वासानंच!"

आणि मी? कॉलेजात नुकती गेलेली दीडशहाणी! सगळ्या बायांसमोर म्हणाले, "पोटात अन्नच नाही, तर ॲसिड येईल कुठून? मनाचे खेळ तुझे." बाया खो-खो हसल्या. तू पुन्हा कधी तक्रारच केली नाहीस. मला दोन धपाटे घालायचेस ना!

आजचे परीक्षक भलतेच खडूस. शेवटी म्हणाले, "हे ॲसिडचं संशोधन तुमच्या आईला कळेल असं सांगा." मी म्हटलं, "सर, तिनंच मला आधी सांगितलं होतं. वास आला की मेंदू नसेतून जठराला निरोप धाडतो. तो निरोप थेट ॲसिडच्या पेशीला पोचतो, शिवाय गॅस्ट्रिन आणि हिस्टामिन या पोटातल्या रसायनांनाही कामाला लावतो. तिघांनी मिळून सांगितलं की पेशीच्या आत दडलेले पंप काठावर येतात आणि ॲसिड सोडतात. घास पोटात पडायच्या आधीच! जेवलेल्या माणसाचं ॲसिड अन्नात मुरतं. माझ्या आईच्या पोटात मुरायला काहीच नसायचं."

खडूस माणूस चक्क हसला! म्हणाला, "आईंचं निरीक्षण अचूक आहे." ऐकलंस? आईंचं! ज्या गोष्टीवरून मी बायांना तुझ्यावर हसवलं, तिच्यावरच मला डॉक्टर केलं त्यांनी. आनंदानं रडले गो, आणि लाजेनंही.

रविवारी काकीच्या पोराची हळद आहे. त्याच बाया असतील. त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगणार, आये खरं बोलत होती, चूक माझी होती. आणि चूल पेटायच्या आधी तळणाऱ्या प्रत्येकीला मी स्वतः जेवायला वाढणार. कुणाला नेम मोडल्याचा राग आला तर येऊ दे, मी ऐकणार नाही.

तुझीच,
रेश्मा